‘बळी तो कान पिळी’ एवढ्यावर भागत नाही

महोदय,

गेल्या रविवारच्या अंकातला परराष्ट्र धोरणावरचा लेख वाचला. देशादेशांच्या व्यवहारात ‘बळी तो कान पिळी’ हाच कायदा, करार आणि तत्त्वे ही भाबड्यांची समजूत, असा त्याचा सूर होता. त्यातला भारत-चीन पंचशील कराराचा दाखला मला मान्य आहे. एप्रिल १९५४ मध्ये सह्या झाल्या आणि १९६२ मध्ये चिनी फौजा खाली उतरल्या. त्या नोव्हेंबरात यशवंतराव मुंबई सोडून संरक्षण खाते सांभाळायला दिल्लीला गेले, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आईने हातातली एक बांगडी काढून संरक्षण निधीत दिली, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

तरीही लेखाचा निष्कर्ष मला पटला नाही. माझी तीसेक वर्षे बोटींच्या इंजिनरूममध्ये गेली, आणि समुद्रावर मी काही वेगळे पाहिले.

२००९ मध्ये आमचा टँकर एडनच्या आखातातून जायचा होता. सोमाली चाच्यांची दहशत तेव्हा ऐन भरात होती. आम्ही कठड्याला काटेरी तारा गुंडाळल्या, पाण्याचे होज बाहेर तोंड करून बांधले, रात्री दिवे मालवले. सोबतीला युद्धनौका येईपर्यंत कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. म्हणजे तोफ लागतेच, ते मला कुणी शिकवायला नको. पण ती तोफ तिथे आली कोणत्या अधिकाराने? खुल्या समुद्रात चाच्यांना कोणत्याही देशाच्या नौदलाने पकडावे, हे १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात लिहिलेले आहे. सोमालियाच्या हद्दीत शिरण्याची मुभा सुरक्षा परिषदेच्या २००८ च्या ठरावांनी दिली. या कागदांच्या आधाराने भारत, चीन आणि जपान यांची नौदले पुढे आपापल्या ताफ्यांच्या वेळासुद्धा एकमेकांशी जुळवून घेऊ लागली. एप्रिल २०१७ मध्ये ‘ओएस ३५’ या मालवाहू बोटीवर चाचे चढले, तेव्हा आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस मुंबई’ धावून गेली. बोटीवर चढले चिनी नौसैनिक, आणि त्यांच्या डोक्यावर पहारा देत होते आपले हेलिकॉप्टर. दोनच महिन्यांनी हेच दोन देश डोकलाममध्ये एकमेकांसमोर उभे ठाकले.

दक्षिण चिनी समुद्राबद्दलचा आंतरराष्ट्रीय लवादाचा २०१६ चा निवाडा चीनने केराच्या टोपलीत टाकला, हे लेखकाने बरोबर सांगितले. त्याच्या दोनच वर्षे आधीचा निवाडा मात्र लेखात नाही. जुलै २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातील वादग्रस्त २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशच्या वाट्याला गेले. आपले नौदल त्यांच्या कितीतरी पट मोठे असूनही भारताने तो निकाल मानला. याला कुणी दुबळेपणा म्हणेल. मला त्याचा अभिमान वाटतो. चार दशकांचे भांडण मिटले, आणि मच्छीमाराला, तेल शोधणाऱ्याला आपली हद्द कुठे संपते ते कळले.

२६/११ नंतरच्या दिवसांत कुणी मला करारांची थोरवी सांगितली असती, तर मीही ऐकून घेतले नसते. ‘कुबेर’ ट्रॉलर बळकावून, त्यावरच्या आपल्या माणसांना मारून ते दहा जण या शहरात उतरले आणि १६६ जीव गेले. किनाऱ्यावरची गस्त अपुरी होती, ती वाढवायलाच हवी होती. पण त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १ जानेवारी २००९ रोजी, भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी ठरल्याप्रमाणे आपापल्या अणुस्थळांच्या याद्या एकमेकांना दिल्या. या स्थळांवर हल्ला करायचा नाही, असा हा डिसेंबर १९८८ चा करार आहे. १९९२ पासून दर वर्षी याद्या जातात, कारगिलनेही त्यात खंड पडला नाही. मी चेंबूरला राहतो, ट्रॉम्बेचे अणुसंशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर. त्या कागदाची किंमत मला घरबसल्या कळते.

कैद्यांच्या याद्याही १ जानेवारी आणि १ जुलैला अशाच दिल्या जातात. त्यांत मच्छीमार असतात. आपल्या डहाणू-तलासरीकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, सर खाडीच्या बाजूला पाण्यातली रेषा ओलांडली जाते आणि पोरगा कराचीच्या तुरुंगात पोहोचतो. शिक्षा संपली तरी सुटका होत नाही. या कैद्यांसाठी दोन्ही देशांनी निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली होती, ती कित्येक वर्षे बंद पडल्यासारखी आहे. ती पुन्हा बसवायला एकही गोळी लागत नाही आणि आपली एक इंच जमीनही जात नाही. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त मर्चंट नेव्ही इंजिनीअर
चेंबूर, मुंबई