पावसाळ्याआधी लसीचं एकदा बघूया

प्रिय आई-बाबा,

फोनवर लसीचा विषय काढला की बाबा "बघू गं" म्हणतात आणि लगेच सोसायटीच्या पाण्यावर जातात, आणि आई म्हणते तुझ्या बाबांना विचार. म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय, दोघांनी बसून एकदा पूर्ण वाचा प्लीज. बाबांना स्टेंट आहे, आईला शुगर आहे, दोघंही पासष्टच्या पुढे गेलात, आणि आपल्याकडे पाऊस लागला की फ्लूचे पेशंट वाढतात, जुलै ते सप्टेंबर तर जास्तच. लस घेतल्यावर तिचा परिणाम व्हायला दोनेक आठवडे जातात म्हणून मला हे मे संपायच्या आत उरकायचंय.

बाबा म्हणतात आता ह्या वयात कसली लस, लस पोरांना द्यायची. हे एकट्या बाबांचं नाही हो, सगळ्यांचंच असं आहे. सरकारी लसीकरण १९७८ ला सुरू झालं, १९८५ पासून देशभर वाढवत नेलं, ते सगळं बाळांसाठी आणि गरोदर बायकांसाठी, दवाखान्याच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये पण नेहमी बाळच. आईने माझ्या वेळी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, माझं लसीचं कार्ड अजून कपाटात जपून ठेवलंय, पण तिचं स्वतःचं कार्ड कुठंय? त्यानंतर थेट २०२१ ला कोविडची लस, मधली सगळी वर्षं कोणी विचारलंच नाही. लासी नावाचा मोठा सरकारी सर्व्हे झाला होता २०१७-१८ ला, पंचेचाळीसच्या पुढच्या लोकांचा, त्यात फ्लूची लस घेतलेले शंभरात दोन पण निघाले नाहीत आणि न्यूमोनियाची तर त्याहून कमी. मला नाही वाटत एवढे सगळे लोक लसीच्या विरोधात असतील, त्यांना कोणी सांगितलंच नसणार. तुमचे डॉक्टर बीपी बघतात, गोळ्या लिहितात, बाहेर एवढे पेशंट खोळंबलेले, लसीचं आपणच काढायला हवं.

आणि बाबा, तुम्हाला मुंबईचा इतिहास एवढा आवडतो म्हणून सांगते. १८९६ ला प्लेग आला तेव्हा हाफकिननी इथेच लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या जेलमधल्या कैद्यांना दिली, सगळी मोठी माणसं. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. म्हणजे आपल्या मुंबईत मोठ्या माणसांनी लस घेणं सव्वाशे वर्षं जुनं आहे.

आता फ्लू. साधी सर्दी ती, आल्याचा चहा घेतला की जाते, असं नका म्हणू ना. कॅनडात ओंटारियोमध्ये एक अभ्यास झाला, २०१८ ला छापून आला, त्यात फ्लू झाल्याचं टेस्टमध्ये कळलेल्या लोकांना पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका एरवीपेक्षा साधारण सहापट निघाला. सहापट, बाबा! मला हे वाचल्यापासून नीट झोप नाही. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो हे मी लपवत नाही, व्हायरस बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते आणि दरवर्षी सारखी लागू पडत नाही, पण झालाच तर हॉस्पिटलपर्यंत जायची वेळ कमी येते. तलावपाळीच्या कट्ट्यावर कोणीतरी सांगितलं ना की रक्त पातळ करायची गोळी चालू असली की इंजेक्शन चालत नाही, तर तसं नसतं, बारीक सुई वापरतात आणि नंतर ती जागा दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरायची, फक्त कुठली गोळी घेता ते आधी सांगायचं. गोळी मनाने बंद करू नका!

कोविड लसीमुळे तरुण पोरं पटापट जातायत हा फॉरवर्ड बाबांनी फॅमिली ग्रुपवर टाकला होता. आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, २०२३ ला आला, त्यात लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. कोव्हिशिल्डने रक्ताच्या गुठळ्या झाल्या हेही खरं आहे, पण ते फार क्वचित आणि बहुतेक डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. मनात भीती असेल तर मला विचारा, चिडणार नाही.

आई, तुझ्यासाठी मला सगळ्यात जास्त काळजी नागिणीची वाटते. खालच्या काकूंचे हाल तू बघितलेस. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणून घरचे घाबरले, कोणाकडून तरी उतरवून घेतली, गेरू लावला, आणि त्यात सुरुवातीचे दिवस गेले. पुरळ उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत व्हायरसवरच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा सगळ्यात चांगला उपयोग होतो. पुरळ गेलं तरी काकूंना साडीचा पदर लागला तरी आग व्हायची, कित्येक महिने. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो व्हायरस मणक्याजवळच्या नसांमध्ये पडून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली की परत उठतो, बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला. तोंड-शेपूट काही नसतं गं. तुला कांजिण्या झाल्यात हे आजीच सांगायची. पन्नाशीपुढच्यांसाठी नवीन लस २०२३ पासून इथे मिळते, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने, चाचण्यांमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर उपयोग दिसलाय. हात दुखतो, एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. महाग आहे, एका डोसचे दहा हजारांच्या आसपास, मेडिक्लेममध्ये बसत नाही. पैसे मी देणार, ह्यावर चर्चा नको.

न्यूमोनियाची दरवर्षी लागत नाही, कुठली घ्यायची ते डॉक्टर सांगतील. आणि धनुर्वाताचा बूस्टर दर दहा वर्षांनी, खिळा लागायची वाट बघायची नाही. आता टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही येतं.

मी शनिवारी नेरुळहून सकाळच्या ठाणे लोकलने येते. बाबा, अँजिओप्लास्टीचे पेपर आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी काढून ठेवा, आई तुझे शुगरचे रिपोर्ट. राम मारुती रोडच्या तुमच्या डॉक्टरांची अकराची वेळ घेतलीय. कुठली आधी, कुठली नंतर, एखादी नकोच असंही ते म्हणाले तर मी ऐकेन. फक्त त्यांच्यासमोर "बघू" म्हणू नका, काय शंका असेल ती तिथेच विचारा.

तुमची,
मनू