अक्का, त्या पाच प्राइम टोकासाठी आभार

प्रिय अक्का,

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहितेय. पपईच्या विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याची अख्खी अक्षरमाला, वाचताना तिचं पाच प्राइम टोक, म्हणजे सुरुवातीचं टोक, तुमच्यामुळंच हाती लागलं.

गोकाककडच्या बागेतली ती पपई आठवते? पानं सुतळीगत बारीक, देठावर तेलकट हिरव्या रेघा, फळावर वर्तुळं. "औषध सांगा," म्हणत शेतकरी मागंच लागला. व्हायरसवर फवारा नाही, मावा तो पसरवतो, रोगट झाडं लगेच उपटा, बागेला लागून काकडी-भोपळा नको, हे तुम्हीच त्याला कन्नडमध्ये समजावलंत. माझं कन्नड बस कंडक्टरपुरतं!

रिंगस्पॉट या वर्तुळांच्या रोगाचा हा विषाणू म्हणजे सुमारे 10,300 रासायनिक अक्षरांचा आरएनए. डीएनए वाचायच्या सँगर पद्धतीत एका दमात 700-800 अक्षरं नीट वाचता येतात. म्हणून आरएनएवरून सीडीएनए, म्हणजे त्याची डीएनए नक्कल, तिचे एकमेकांवर चढणारे तुकडे, मग ते प्लाझ्मिड या गोल डीएनएत घालून ई. कोलाय जिवाणूंत वाढवणं आणि सकाळी प्लेटवर निळ्यांतून तुकडा बसलेल्या पांढऱ्या कॉलनी वेचणं. एन्झाइमं अधूनमधून चुकीचं अक्षर घालतात, म्हणून प्रत्येक तुकड्याचे तीन क्लोन, म्हणजे वेगवेगळ्या कॉलनींतल्या नकला, वाचायला लावलेत. तेव्हा कटकट वाटली, खोटं कशाला बोलू.

तीन प्राइम, म्हणजे शेवटच्या टोकाला ए अक्षरांची शेपटी असते, ऑलिगो-डीटी हा टी अक्षरांचा छोटा तुकडा तिथं चिकटतो, ते लवकर सुटलं. पाच प्राइमला गाडी अडली. सगळे म्हणत होते, छापील जीनोमवरून प्रायमर (नक्कल सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) मागव आणि मोकळी हो. तुम्ही जेलवरून मान वर न करता म्हणालात, "मग जे वाचशील ते व्हायरसचं न्हवं गं, तुझ्या प्रायमरचं."

खरंच की! प्रायमर जिथं बसतो तिथली अक्षरं प्रायमरचीच येतात. मग रेस, म्हणजे अनोळखी टोक वाचायची पद्धत. सीडीएनएच्या टोकाला सी अक्षरांची शेपटी जोडायची, तिला धरून उलटं वाचायचं. आरएनएवरून डीएनए करणारं एन्झाइम, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, टोकाआधीच थांबायचं, क्लोन आखूड निघायचे. घरी जायची वेळ टळली तरी तुम्ही माझ्यासोबत बसलात, दर वेळी हातमोजे बदलायला लावलेत, कारण आपल्या बोटांवरची आरएनेज एन्झाइमं आरएनए खातात.

आता टोकं धरून अख्खा जीनोम हातात आहे. हवाईत 1998 साली आलेली 'रेनबो' पपई विषाणूच्या आवरण-प्रथिनाच्या जीनवर तगली, पण तिची प्रतिकारशक्ती तिथल्या विषाणूशी जुळणारी. आपल्याकडचा किती वेगळा, ते आता अक्षर लावून बघता येतं.

प्रबंधात आभाराच्या पानावर तुमचं नाव पहिलं घालतेय. इंग्रजीत कसं लिहिता, तेवढं कळवा.

तुमची,
खानापूरची पोरगी