कॅरिअर कमी ठेवा, आवाज स्वच्छ जाईल

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सीबी (सिटिझन्स बँड), म्हणजे सर्वसामान्यांना मोकळ्या असलेल्या पट्ट्यातल्या रेडिओच्या मागे जोडायचे, त्याची शक्ती वाढवणारे छोटे अ‍ॅम्प्लिफायर हल्ली ऑनलाइन सहज मिळतात. खोक्यावर १०० वॅट, ३०० वॅट असे आकडे ठळक असतात, पण आत ड्राइव्ह, म्हणजे रेडिओकडून येणारी शक्ती, किती द्यायचा हे क्वचितच लिहिलेले असते. आवाज फाटण्याची सुरुवात तिथूनच होते, आणि त्रास शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्यांना होतो.

आधी नियमाचे. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झ या सीबी पट्ट्यात ५ वॅटपर्यंत परवान्याशिवाय बोलता येते. अ‍ॅम्प्लिफायर लावला की ही सवलत संपते. अमेरिकेतही सीबीवर एएमसाठी (आवाजानुसार लहरीची उंची बदलणारी पद्धत) ४ वॅट कॅरिअरची (आवाज नसतानाची मूळ लहर) मर्यादा आहे आणि अ‍ॅम्प्लिफायरला बंदी आहे. म्हणून पुढचे सगळे हौशी रेडिओचा परवाना असलेल्यांसाठी आहे. सीबीच्याच घडणीचे, पण २८ ते २९.७ मेगाहर्ट्‌झच्या दहा मीटर पट्ट्यात चालणारे सेट घेऊन २९ च्या आसपास एएमवर बोलणारे बरेच आहेत. आपापल्या श्रेणीची शक्तिमर्यादा त्यांनी पाळायचीच आहे.

एएममध्ये मॉड्युलेशन, म्हणजे आवाजाने लहरीच्या उंचीत होणारा बदल, १०० टक्के झाले की लहरीची उंची कॅरिअरच्या दुप्पट होते, म्हणजे त्या क्षणी शक्ती चौपट लागते. ४ वॅट कॅरिअरचा सेट बोलताना शिखरावर १६ वॅट देतो. आता २एससी२८७९ या ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. त्याची शिखरशक्ती १०० वॅट आणि गेन (शक्तीची वाढ) १३ डेसिबल, म्हणजे सुमारे २० पट. त्यात ४ वॅट कॅरिअर सोडला की मीटर ८० वॅट दाखवतो आणि मालक खूश होतो. पण बोलताना शिखराला ३२० वॅट लागणार, ते आणायचे कुठून? ट्रान्झिस्टर शंभराच्या आसपास अडतो. जी लहर दुप्पट उंच व्हायची ती जेमतेम १२ टक्के उंचावते. शेंडा सपाट छाटला जातो, आवाज दबका आणि खरखरीत होतो, आणि छाटलेल्या कडांमधून जन्मलेला कचरा आजूबाजूला पसरतो. त्याच अ‍ॅम्प्लिफायरला १ वॅट कॅरिअर द्या. बाहेर २० वॅट कॅरिअर, शिखरावर ८० वॅट. मीटरवर आकडा लहान, पण पलीकडच्याला शब्द न् शब्द कळतो.

जुळवणी अँटेनावर नाही, डमी लोडवर करायची, म्हणजे अँटेनाच्या जागी लावलेल्या, शक्ती उष्णतेत जिरवणाऱ्या रेझिस्टरवर. १ किलोओहमचे, २ वॅटचे २० मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम, ४० वॅटचा लोड तयार होतो. तारेच्या वेटोळ्यांचे वायरवाउंड रेझिस्टर इथे चालत नाहीत, कारण २९ मेगाहर्ट्‌झला ते कॉइलसारखे वागतात. रेझिस्टर, पीएल-२५९ प्लग, फेराइट रिंगा हा माल लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतो. वर सांगितलेल्या ट्रान्झिस्टरचे उत्पादन मात्र केव्हाच थांबले आहे आणि बाजारात बनावट माल भरपूर आहे, तेव्हा स्वस्तात मिळाला तर संशय घ्यावा.

पहिल्यांदा अ‍ॅम्प्लिफायर बाजूला ठेवून एकटा सेट नीट करावा. आरएफ पॉवरच्या नॉबने किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या, स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या प्रीसेटने कॅरिअर १ वॅटवर आणावा. लहरीचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या स्कोपच्या (ऑसिलोस्कोपच्या) प्रोबला दोन वेटोळ्यांची छोटी कॉइल लावून ती लोडजवळ धरली तरी पुरते. २० मेगाहर्ट्‌झचा जुना स्कोपही चालेल, उंची कमी दिसेल पण आकार बरोबर दिसेल. टाइमबेस ०.२ मिलिसेकंद ठेवावा, नुसता कॅरिअर पडद्यावर २ घरे उंच दिसेल असे करावे आणि मोबाइलवरून १ किलोहर्ट्‌झचा सूर माइकला ऐकवावा. लहरीची सर्वांत जास्त उंची, म्हणजे शिखर, ३.८ घरे आणि सर्वांत कमी, म्हणजे दरी, ०.२ घर झाली की मॉड्युलेशन ९० टक्के झाले. दोन्हींची वजाबाकी भागिले दोन्हींची बेरीज, एवढाच हिशेब. दोन शिखरांमध्ये, दरीच्या जागी, सरळ रेघ दिसू लागली तर कॅरिअर तेवढा वेळ बंदच पडतो आहे. ही रेघ म्हणजेच स्प्लॅटरची, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर पसरणाऱ्या कचऱ्याची, खूण. माइक गेन लगेच मागे घ्यावा. शेवटची जुळवणी नेहमीच्या आवाजात बोलून करावी, कारण माणसाचा आवाज सुरासारखा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो.

आवाज मोठा व्हावा म्हणून सेटमधला मॉड्युलेशन लिमिटर, म्हणजे मॉड्युलेशन मर्यादेत ठेवणारा भाग, तोडण्याची एक वाईट खोड आहे. तो दरी तुटू नये म्हणूनच बसवलेला असतो. तोडला असेल तर पुन्हा जोडावा. आवाज घुमवणारे इको आणि आवाज वाढवणारे पॉवर माइकही काढून ठेवावेत.

मग अ‍ॅम्प्लिफायर. तो एबी वर्गाचा, म्हणजे ट्रान्झिस्टरला आधीच थोडा चालू ठेवणारा व्होल्टेज (बायस) दिलेला, आहे ना, हे आधी पाहावे. बायस नसलेल्या सी वर्गाच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बेसला साधारण ०.६ व्होल्ट मिळेपर्यंत ट्रान्झिस्टर जागाच होत नाही. त्यामुळे सेटमधून स्वच्छ आलेली दरी इथे तुटते, आणि सेटवर कितीही मेहनत केली तरी उपयोग होत नाही. बायस देणारा डायोड ट्रान्झिस्टरला टेकलेला हवा. तापल्यावर ट्रान्झिस्टरला लागणारा बेस व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. डायोड लांब असेल तर बायस तेवढाच राहतो, विद्युतप्रवाह वाढत जातो आणि ट्रान्झिस्टर जळतो.

स्कोपवर आता अ‍ॅम्प्लिफायरच्या बाहेरचा आकार पाहावा. आत दुप्पट होणारी उंची बाहेर दीडपटच होत असेल तर माइकला हात न लावता कॅरिअर आणखी कमी करावा. त्यानेही शेंडे सुटले नाहीत तर दोष वीजपुरवठ्यात असतो. शिखराला १५ अँपिअर ओढले जातात. २ मीटर लांबीची १ चौरस मिलिमीटरची जोडतार तिथे सुमारे १ व्होल्ट खाते. १३.८ चे १२.८ झाले की शक्ती जवळजवळ १४ टक्के उतरते, तीही नेमकी शिखरावर. ४ चौरस मिलिमीटरची तार घेतली की ही घट पाव व्होल्टवर येते. बोलताना वॅटमीटरची सुई मागे पडत असेल तर जास्त कॅरिअर किंवा वीजपुरवठा यांपैकी एक कारण समजावे.

अ‍ॅम्प्लिफायर आणि अँटेना यांच्यामध्ये लो-पास फिल्टर असलाच पाहिजे. मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट, चौपट फ्रिक्वेन्सीवर निघणाऱ्या नको असलेल्या लहरी तो अडवतो. याबाबत तडजोड नको. २९ ची तिसरी पट ८७ मेगाहर्ट्‌झ, एफएम पट्ट्याच्या दारात. सीबी पट्ट्याची चौथी पट १०७.८ ते १०९.१, आणि १०८ ते ११२ मध्ये विमानांना धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारे लोकलायझर काम करतात. बिनफिल्टरचा अ‍ॅम्प्लिफायर विनापरवाना सीबीवर चालवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

स्कोप प्रत्येकाकडे नसतो. तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मात्र तो असतोच. महिन्यातून एका रविवारी दोन तास परवानाधारकांना त्या खुल्या कराव्यात, अशी आपल्या पत्रामार्फत विनंती आहे. येणाऱ्याने सेट, अ‍ॅम्प्लिफायर, डमी लोड, रोजचा वीजपुरवठा त्याच्या तारांसकट आणि रोजचाच माइक न्यावा. दुसऱ्याच्या माइकवर लावलेला गेन घरी जुळत नाही.

– एक परवानाधारक हौशी रेडिओचालक, ठाणे