सिंक म्हणजे बॅकअप नाही हो!

मा. संपादक,
स. न.

ईमेलवर काही छापून आलं की ते मोबाइलच्या अ‍ॅपपुरतंच असतं, म्हणून हे पत्र. मी मट वापरतो, टर्मिनलमध्ये (नुसत्या अक्षरांच्या खिडकीत) चालणारा, १९९५ पासूनचा मेल प्रोग्रॅम. माऊस लागत नाही, चित्रं नाहीत, लोक बघून हसतात, हसू देत.

पहिली चूक पीओपी३ ची, म्हणजे मेल उतरवून घ्यायच्या जुन्या पद्धतीची. लॅपटॉपने सगळे मेल उतरवून घेतले आणि सर्व्हरवरनं काढून टाकले, मोबाइल उघडला तर इनबॉक्स कोरा! दोन-तीन डिव्हाइस असतील तर आयमॅपच लावा, त्यात मेल सर्व्हरवरच राहतात आणि इकडे वाचलेला मेल तिकडेही वाचलेला दिसतो.

मग एमबीसिंक लावलं, म्हणजे सर्व्हर आणि लॅपटॉपवरचे मेल सारखे ठेवणारं (सिंक करणारं) सॉफ्टवेअर. ते आयमॅपवरचे मेल लॅपटॉपवर मेलडिरमध्ये आणून ठेवतं, म्हणजे प्रत्येक मेलची वेगळी फाइल, आणि मेल वाचला की फाइलच्या नावाच्या शेवटी एस लागतो, एवढं साधं. नेट नसलं तरी मटमध्ये सगळं वाचता येतं, शोधता येतं. पाठवायला एमएसएमटीपी हा छोटा प्रोग्रॅम. पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नसेल तर डोकं आपटू नका, बऱ्याच ठिकाणी अ‍ॅप पासवर्ड (अशा प्रोग्रॅमपुरता पासवर्ड) वेगळा काढावा लागतो (माझी अख्खी संध्याकाळ यात गेली).

आता खरा मुद्दा. एमबीसिंकची कॉन्फिग (सेटिंगची फाइल) मी कुठूनतरी जशीच्या तशी उचलली होती, त्यात 'एक्स्पंज बोथ' अशी एक ओळ होती (उडवलेले मेल लॅपटॉप आणि सर्व्हर दोन्हीकडून कायमचे काढ), अर्थ कोण बघतंय! एकदा मटमध्ये पॅटर्न (मेल निवडायची अट) देऊन जुने मेल उडवायला गेलो, पॅटर्न चुकला, कामाचे मेल पण गेले आणि ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनने पाच मिनिटांत इमानदारीत सर्व्हरवरूनही साफ केले, मग मोबाइलवरूनही गेलेच. सिंकने त्याचं काम चोख केलं, बॅकअप ठेवायचं माझं काम मीच केलं नव्हतं.

वाचलो ते पेनड्राइव्हवरच्या एका जुन्या टार फाइलमुळे (टार म्हणजे अनेक फाइलचं एकत्र बांधलेलं गाठोडं). टार का, तर मेलडिरच्या फाइलच्या नावात कोलन असतो आणि फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह तो घेत नाही, नुसतं कॉपी-पेस्ट केलं की अर्धवटच जातं. आता एक्स्पंज 'नन' (काहीच कायमचं काढू नको) वर ठेवलंय, लॅपटॉपवर काही उडालं तरी आमच्या सर्व्हरवर नुसती डिलीटची खूण पडते. तो कचरा महिन्यातून एकदा हाताने काढतो, आधी टार करून.

आपला,
एक वाचक