मुक्तासाठी समितीपुढे कसं जायचं

नाशिक

प्रिय वैशाली,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या सावत्र मुलीला, मुक्ताला उंटवाडीच्या बालगृहात ठेवलंय हे तुझ्या पत्रात वाचून पोटात कालवलं. तू विचारतेस, पोटची नाही म्हणून मला तिच्यासाठी बोलताच येणार नाही का? येईल. पण कुठे आणि कशाच्या जोरावर, ते आधी समजून घे.

तुझा आणि तुझ्या नवऱ्याचा, महेशचा, घटस्फोटाचा दावा कौटुंबिक न्यायालयात आहे आणि मुक्ताचा विषय बालकल्याण समितीपुढे. नवरा-बायकोत कोण खरं, हे समिती ठरवत नाही. मूल आज कुणाकडे सुरक्षित राहील, एवढंच ती बघते. म्हणून दाव्यातले आरोप तिथे उगाळू नकोस. तसं केलं की मुलीला भांडणात ओढताहेत असं मत होतं आणि दोघांचीही बाजू पडते.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की नैसर्गिक पालकांत सावत्र आई-वडील येत नाहीत. महेश तिचा बाप, म्हणून समिती आधी त्याचा विचार करणार. पण बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये पालकाची व्याख्या मोठी आहे. ज्याच्याकडे मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ आहे आणि ज्याला समिती तसं मान्य करते, तोही पालक. तुझा सगळा आधार हाच आहे. आणि सांभाळ कागदावर दिसावा लागतो.

शाळेचा प्रवेश अर्ज, प्रगतिपुस्तकावरच्या तुझ्या सह्या, फीच्या पावत्या, दवाखान्याचे केसपेपर, तिचं नाव असलेलं रेशनकार्ड, तुमच्या लग्नाचा दाखला, तिच्या आईचा मृत्यूचा दाखला असं सगळं तारखेनुसार लाव. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नकोस, झेरॉक्स दे. अर्ज 'मा. अध्यक्ष व सदस्य, बालकल्याण समिती, नाशिक' यांच्या नावे कर. मागणी साधी ठेव: मला पालक म्हणून मान्य करावं, ते शक्य नसेल तर 'योग्य व्यक्ती' (मूल सांभाळायला समितीने लायक ठरवलेली व्यक्ती) म्हणून तिचा ताबा द्यावा, आणि निर्णय होईपर्यंत भेटू द्यावं. एका प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.

हे लगेच करायला हवं, कारण सामाजिक तपासणीला, म्हणजे घरची परिस्थिती बघून समितीला अहवाल द्यायला, कायद्याने १५ दिवसच दिलेत. अंतिम आदेश मुलीला प्रथम हजर केल्यापासून ४ महिन्यांत व्हायचा असतो, पण त्याची दिशा बरीचशी या अहवालातच ठरते. तपासणीला बाई घरी येतील. मुक्ता कुठे झोपते, दप्तर कुठे असतं, घरात आणखी कोण राहतं हे बघतील, शेजारी आणि वर्गशिक्षिकेलाही विचारतील. तू आता पंचवटीत भावाकडे आहेस, तेव्हा तिची जागा तिथे दिसायला हवी, आणि भाऊ-वहिनींची संमती लेखी हवी. मुक्ताला मात्र काहीही पढवू नकोस. पढवलेलं बोलणं लगेच ओळखू येतं, आणि त्या लेकराच्या मनावर केवढं ओझं येतं!

तिचा फोटो किंवा नाव व्हॉट्सॲपवर टाकू नकोस, नातेवाइकांनाही टाकू देऊ नकोस. ओळख उघड करणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. आणि कितीही जीव तुटला तरी परस्पर तिला घेऊन निघायचं नाही.

आदेश विरोधात गेला तर प्रमाणित नक्कल लगेच माग. बालकांच्या न्यायालयात अपिलाची मुदत आदेशापासून ३० दिवस आहे. कायमच्या पालकत्वासाठी १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली कौटुंबिक न्यायालयात वेगळा अर्ज लागेल, कारण समितीच्या आदेशाने ते मिळत नाही. दत्तकाचं कुणी सुचवलं तर सध्या सोडून दे, त्याला महेशची संमती लागते.

वकिलाच्या फीची काळजी करू नकोस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. उद्या सकाळीच तिथे अर्ज कर, आणि शाळेचे कागद हाती आले की मला फोन कर. समितीचा अर्ज आपण दोघी मिळून लिहू.

तुझी,
शुभांगी