जिम वुडरिंग यांच्या चित्रकथांविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गूढवादी चित्रकथा म्हणजे कमळे, चक्रे आणि तेजोवलये यांची गर्दी, ही तुझ्या पत्रातील तक्रार मला बऱ्याच अंशी मान्य आहे. म्हणूनच अमेरिकेतील चित्रकार जिम वुडरिंग यांच्याविषयी सविस्तर लिहितो.

१९५२ साली लॉस एंजेलिस येथे जन्मलेल्या वुडरिंग यांना लहानपणी भास होत. १९८० मध्ये त्यांनी आपली स्वप्ने आणि चित्रे ‘जिम’ या नावाने स्वतःच छापून काढण्यास आरंभ केला. उदरनिर्वाहासाठी त्या दशकात ते ॲनिमेशन स्टुडिओत काम करत. पुढे सिॲटलच्या ‘फँटाग्राफिक्स’ या स्वतंत्र प्रकाशनसंस्थेने ‘जिम’ प्रकाशित केले.

त्यांचे खरे सामर्थ्य मात्र मला ‘फ्रँक’च्या कथांत दिसते. फ्रँक हा दोन पायांवर चालणारा, जुन्या कार्टूनपटांतील पात्रांसारखा गुबगुबीत प्राणी आहे. कोणत्या जातीचा, हे सांगता येत नाही. युनिफॅक्टर नावाच्या त्याच्या जगात कोणीही बोलत नाही. तेथे चंद्रकोरीसारख्या चेहऱ्याचा, सदैव हसणारा दुष्ट व्हिम आहे, हावरट आणि केविलवाणा मॅनहॉग आहे, आणि भोवऱ्यासारखे रंगीबेरंगी, हवेत तरंगणारे आकार आहेत, ज्यांना वुडरिंग ‘जीव’ म्हणतात. ते स्वतः वेदान्ताचे अनुयायी असल्यामुळे या नावाचे आपल्याला नवल वाटू नये. विशेष हे की, चित्रांत वेदान्ताचे प्रवचन कोठेही नाही.

या चित्रांतील गूढता धूसरपणातून येत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. टाकाने ओढलेल्या, एकीशेजारी एक लहरत जाणाऱ्या रेषांनी डोंगर, भिंत, सावली आणि आकाश इतक्या निगुतीने भरलेले असते की, अशक्य वस्तूही समोर ठेवून काढल्यासारखी वाटते. (टाकाचे त्यांना इतके वेड की, त्यांनी माणसाहून उंच, सुमारे ७ फुटांचा टाक करवून घेतला आणि २०११ मध्ये लोकांसमोर त्याने चित्रेही काढून दाखवली.) जे पाहिले ते कसे होते एवढेच ते सांगतात; अर्थ लावण्याचे ओझे आपल्यावर राहते.

हे जग सौम्य आहे, असे मात्र समजू नकोस. २०१० च्या ‘वेदरक्राफ्ट’मध्ये मॅनहॉगचे हाल पाहवत नाहीत, परंतु त्याच यातनांतून तो ज्ञानाकडे जातो, तेव्हा त्या प्रवासावर विश्वास बसतो, कारण चित्रकाराने त्याला काहीही फुकट दिलेले नाही. पुष्कळ ‘आध्यात्मिक’ चित्रकथा नेमक्या येथे फसतात, असे माझे मत आहे: साक्षात्कार पहिल्याच पानावर झालेला असतो आणि पुढे केवळ सजावट उरते.

२०२२ मध्ये त्यांचे तीन ग्रंथ नव्या पानांसह एका जाडजूड खंडात आले. तू मात्र आरंभ ‘वेदरक्राफ्ट’नेच कर. माझी प्रत टपालाने पाठवत आहे. प्रथम वाचताना प्रत्येक चौकटीचा अर्थ शोधत थांबू नकोस. घटना जशा घडतील तशा पाहत जा, आणि मॅनहॉगविषयी तुझे मत काय झाले ते मला अवश्य लिही.

तुझा स्नेहांकित