फडातल्या बाईने ओटीपी कुठून आणायचा?

मा. संपादक,
स. न.

‘लाडकी बहीण’च्या ई-केवायसीला मुदतवाढ मिळाली की त्याची मोठी बातमी होते, त्या मुदतीत बाई कुठे असते, हे मात्र कुणी विचारत नाही. आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी टाकून ओळख पटवायची, ही अट सप्टेंबर 2025 मध्ये आली. आधी 18 नोव्हेंबर आणि मग 31 डिसेंबर अशी मुदत होती. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा भागातली कितीतरी गावं ओस पडतात, मागे उरतात ती म्हातारी माणसं.

मी बचत गटाचं काम करते. ज्या बायकांचे फॉर्म भरून दिले, त्यांच्यातल्या बऱ्याचजणींच्या आधारला जोडलेला नंबर त्यांचा स्वतःचा नाही. कुणाचा नवऱ्याचा, कुणाचा भावाचा, कुणाचा रिचार्जअभावी कधीच बंद पडलेला. कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेल्या जोडप्यात फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. ओटीपी येतो तेव्हा नवरा उसाच्या गाडीबरोबर कारखान्यावर गाडीची पाळी यायची वाट बघत असतो, आणि बाई उसाच्या फडात मोळ्या बांधत असते. तिला विचारून, त्याला गाठून आकडे मिळेपर्यंत ओटीपीची वेळ संपते. नवा नंबर जोडायचा तर आधार केंद्रावर 75 रुपये द्या, वर दिवसाची मजुरी बुडवा.

शिवाय तिच्या एकटीच्या ओटीपीवर भागत नाही. नवऱ्याचा किंवा वडिलांचाही लागतो. विधवा आणि घटस्फोटितांना कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय नंतर झाली. पण नवऱ्याने नुसतं टाकून दिलेल्या बाईकडे कोणता कागद असणार? तिचा विचारच झालेला दिसत नाही, आणि याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

गावात टॉवर आला म्हणजे बाईला इंटरनेट मिळालं, असं होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशाच्या ग्रामीण भागात इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष जवळपास 49 टक्के होते, बायका 25 टक्क्यांहून कमी. त्यानंतर फोन वाढले असतील. ते कुणाच्या हातात आहेत, हा प्रश्न राहतोच. डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी सांगितलं आहे.

यावर तोडगा आपल्याकडेच आहे. रेशनची ई-केवायसी दुकानातल्या मशीनवर अंगठा लावून होते, फोन लागत नाही. तशी मशीन गळीत हंगामात कारखान्यांच्या तळांवर न्यावीत. कोयत्याने अंगठ्याच्या रेषा झिजतात, म्हणून सोबत डोळे तपासायचं यंत्रही असावं. ऊसतोड कामगारांची ओळखपत्रं ग्रामसेवकांमार्फत दिली जातात, तेव्हा कोण कुठल्या गावचं हे शोधायला अडचण नाही. टोळ्या गावी परतून अंगणवाडी सेविका प्रत्येकीला प्रत्यक्ष भेटेपर्यंत केवायसी नाही म्हणून एकीचंही नाव कमी करू नये.

– बचत गटाची एक कार्यकर्ती,
धारूर तालुका, जि. बीड